स्वानंदीच्या चाचणीची तयारी

स्वानंदीला मी पास केलं आणि त्यात तिचं नुकसान झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घेत बसायला नको.

मी चिंचवडच्या एका मराठी शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली. चौथीची शिष्यवृत्तीची परीक्षा हा माझा प्रांत. पालक पोरांना माझ्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "सर, ह्याचं काहीतरी करा." मी करायचो. प्रश्न कोणत्या प्रकारचे येतात ते बघायचं, ते प्रकार घोटून घ्यायचे आणि घड्याळ लावून सोडवायला बसवायचं. मुलाला त्यातलं कळलं की नाही, हा प्रश्न मी निकालानंतरसाठी ठेवत असे, आणि निकालानंतर तो विचारायला कुणी येत नसे.

यंदा फेब्रुवारीत मी माझ्या मुलीकडे, नीताकडे, जर्मनीत इंगोलश्टाटला आलो. कुसुमला थंडी सोसत नाही, ती पुण्यातच राहिली. नीता घरून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते आणि जावई प्रतापराव गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांची मुलगी स्वानंदी साडेसात वर्षांची, दुसरीत.

या मुलीचं डोकं तल्लख. जाडजूड जर्मन पुस्तकं भराभर वाचते, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. पण हातपाय तिचं ऐकत नाहीत. शर्टाचं बटण लावायला घेतलं की दहा मिनिटं जातात. कात्रीने सरळ रेघ कापता येत नाही. जिन्यात पडते, सपाट जागीही पडते, आणि दुधाचा पेला आठवड्यातून चारदा तरी टेबलावर आडवा. पुण्याला सुट्टीत यायची तेव्हा आमच्या कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? कुसुम तिला भरवायची, मी बूट घालून द्यायचो, आणि सात वर्षांच्या नातीला भरवणारी आजी आमच्याकडे प्रेमळ म्हणून नावाजली जाते. इथल्या शाळेत स्वतःचा डबा ज्याचा त्याने उघडायचा. नाही उघडला तर बाई उघडून देत नाहीत, आधी वाट बघतात आणि मग घरी चिठ्ठी पाठवतात.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या. मग मुलांच्या डॉक्टरांनी या प्रकाराला एक लांबलचक नाव दिलं. नीताने मला त्याचा अर्थ सांगितला. बुद्धीत काही कमी नाही, स्नायूही धड आहेत, पण हालचालीचा बेत डोक्यात नीट बांधला जात नाही. रागावून ते सुधारत नाही. एकेक काम वेगळं शिकावं लागतं, आणि ते शिकवायला एर्गोथेरपी असते. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, फ्राऊ ब्रांडल यांच्याकडे.

पहिल्याच गुरुवारी मी नातीबरोबर गेलो आणि बाईंवर नाराज होऊन परत आलो. बाई शिकवतच नाहीत! त्या विचारतात, आणि मला कळावं म्हणून तेच इंग्रजीतही सांगतात. तुला काय जमायला हवंय, हेसुद्धा त्यांनी पोरीलाच विचारलं होतं. स्वानंदीने सांगितलं होतं की पोहण्याच्या तासानंतर तिला सगळ्यांच्या बरोबरीने कपडे घालून बाहेर यायचंय. शाळेची बस तलावाबाहेर उभी असते आणि सगळा वर्ग आत बसून हिच्या एकटीची वाट बघतो. हे बंद व्हावं, एवढंच तिचं मागणं.

मग बाई म्हणाल्या, "तुझा बेत काय?" पोरगी विचार करत बसली. भिंतीला पाठ लावून खाली बसायचं, असं तिने ठरवलं. मोजा घालून पाहिला, टाच वर आली. बाई म्हणाल्या, "बेतात काय बदलू या?" पुन्हा विचार. पाऊण तासात एक मोजा! तेवढ्या वेळात मी वर्गाचा लसावि-मसावि उरकला असता. घरी येऊन नीताला म्हटलं, "तुमच्या त्या ब्रांडलबाई फार सावकाश आहेत."

"बाबा, ते तसंच असतं," ती म्हणाली. "आणि तिला तिथे जायला आवडतं."

आवडतं हे खरं होतं. बुधवारपासूनच तिचं गुरुवार गुरुवार चालायचं.

ही थेरपी पुढे चालू राहायची तर मुलांच्या मोठ्या केंद्रात एक चाचणी द्यायची होती. तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. शाळेनेही तोवर तात्पुरती सवलत दिली होती, की पोहण्याच्या दिवशी स्वानंदीने दहा मिनिटं आधी पाण्याबाहेर यावं. चाचणीत तिची अडचण दिसली तर थेरपीही राहणार, सवलतही राहणार. नाही दिसली तर दोन्ही बंद. हे नीताने मला जेवताना स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी ते ऐकलं नाही. 'चाचणी' एवढा एक शब्द कानावर पडला आणि बाकीचं सगळं बाहेरच राहिलं.

"काय काय असतं त्यात?" मी विचारलं.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक छोटी चाचणी झाली होती, तेव्हा नीता खोलीत बसली होती. तिने आठवून सांगितलं. फळीवरच्या भोकांत खुंट्या बसवायच्या, वेळ लावून. भोकं पाडलेल्या पट्टीतून नाडी ओवायची. दोन रेघांच्या मधल्या वाटेतून पेन्सिल न्यायची, रेघेला न शिवता. भिंतीवर चेंडू मारून झेलायचा. एका पायावर उभं राहायचं. टाचेला बोट लावत रेघेवरून चालायचं. मी वही आणली आणि सगळं उतरवून घेतलं. पेपर फुटला की मी वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा माणूस, पण त्या क्षणी मला हा फुटलेला पेपर वाटलाच नाही. मी त्याला प्रश्नांचं स्वरूप म्हटलं.

"बाबा, ती टेस्ट मदत मिळावी म्हणून आहे," नीता म्हणाली.

"हो, पण शेवटी टेस्ट ती टेस्ट," प्रतापराव म्हणाले. "आणि खरं सांगू का बाबा, रिपोर्टमध्ये काही निघालं नाही तर बरंच. चौथीनंतर इथे मुलांचं सॉर्टिंग होतं, कोण कुठल्या शाळेत जाणार ते. फाइलला एकदा काही चिकटलं की चिकटलं."

"गेनाऊ," मी म्हटलं, म्हणजे अगदी बरोबर. तेवढं एक जर्मन मला येत होतं. नीताची मीटिंग सुरू झाली होती. ती कानात बटणं घालून आतल्या खोलीत निघून गेली. ती दमलेली होती, तिला मी दोष देत नाही.

प्रतापरावांनी बाजारातून फळी आणून ड्रिलने बारा भोकं पाडली आणि खुंट्या घासून दिल्या. इंजिनिअर माणूस, काम एकदम चोख. वाटेचं चित्र छापून त्याच्या शंभर प्रती काढल्या. चेंडूचा सराव घरात सुरू केला तेव्हा रविवारी दुपारी खालच्या बाईंनी दारावर चिठ्ठी लावली की आज विश्रांतीचा दिवस आहे. मग आम्ही तळघरात गेलो. प्रत्येक बिऱ्हाडाला तिथे सामानाची एक खोली असते. सुटकेसा आणि सायकली एका बाजूला लोटून मी फरशीवर खडूने रेघ आखली आणि वर्ग सुरू केला.

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. रोज शाळेनंतर एक तास. पहिल्या दिवशी बारा खुंट्यांना पन्नास सेकंद लागले आणि पाच खाली पडल्या. तिसऱ्या आठवड्यात तीस सेकंद. एका पायावर उभं राहताना ती दोनदा रडली, तेव्हा मी तिला भिंतीवरच्या एका खिळ्याकडे टक लावून बघायला शिकवलं. जमलं की एक बेदाणा. माझ्या ओरडण्याला ती घाबरत नव्हती, पण मी खूश झालो की तिचा चेहरा असा काही उजळायचा की मीही दुसऱ्या दिवशीची वाट बघायचो. त्या मुलीला जगात एकच जागा मिळाली होती जिथे ती रोज आदल्या दिवसापेक्षा चांगली ठरत होती. ती जागा तळघरात होती आणि तिथल्या कामाचा तळघराबाहेर काही उपयोग नव्हता, हे मला दिसलं नाही.

चाचणीला नीता तिला घेऊन गेली. केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी कधी हे करून पाहिलंय का?" नीता म्हणाली, "आजोबांबरोबर थोडं खेळते, इतकंच." स्वानंदीने खुंट्या सव्वीस सेकंदांत बसवल्या. दोन आठवड्यांनी पत्र आलं की हालचाली वयाला साजेशा आहेत.

मी दुधाच्या पावडरीचे पेढे केले. प्रतापरावांनी माझा हात हातात घेऊन हलवला. पुण्याला फोन लावला तेव्हा कुसुम म्हणाली, "अगंबाई, म्हणजे पोरीला आता बटणं लावता येतात?" मी म्हटलं, "तू पेढे खा." ती म्हणाली, "अहो, मी कसे खाणार, पेढे तिकडे आहेत." मग आम्ही दोघंही हसलो आणि तिचा प्रश्न तिथेच राहिला.

पुढच्या गुरुवारी ब्रांडलबाईंनी पत्र वाचलं, स्वानंदीकडे बघितलं, पुन्हा पत्र वाचलं. नियमाप्रमाणे हा शेवटचा गुरुवार, असं त्यांनी सांगितलं. शाळेनेही सवलत काढून घेतली. वर्गशिक्षिका नीताला म्हणाल्या, "तिला येतं हे आता सिद्ध झालंय. तेव्हा प्रश्न इच्छेचा आहे." म्हणजे सरळ भाषेत, पोरगी आळशी. माझ्या चौतीस वर्षांत हे वाक्य मी स्वतः कितीतरी आईबापांना ऐकवलंय. नीताने ते घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं.

सोमवारी पोहण्याचा तास होता. त्या दिवशी बस अठरा मिनिटं थांबली. स्वानंदी घरी आली ती ओल्या केसांनी, स्वेटर उलटा, एका पायात मोजाच नाही. बसमध्ये सगळ्यांनी मिळून मोठ्याने आकडे मोजले होते म्हणे, ती येईपर्यंत. हे सांगताना ती रडली नाही. मुकाट्याने जेवली, आणि मग सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसली.

"आजोबा," ती म्हणाली, आणि पुढचं मराठीत बोलली. मराठी ती क्वचितच बोलते, त्यामुळे शब्द शोधत शोधत बोलली. "मला नापास कसं व्हायचं ते शिकव."

"का गं?"

"मी पास झाले, म्हणून गुरुवार गेला. नापास झाले की परत येतो. मी खूप प्रॅक्टिस करीन. रोज दोन तास."

मुलाने असं काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते मागताना तिच्या चेहऱ्यावर तीच आज्ञाधारक तयारी होती जी मी सहा आठवडे वाखाणली होती. मला स्वतःची शरम वाटली. इतकी, की तिच्याकडे न बघता मी टीव्हीकडे बघत राहिलो, आणि टीव्ही बंद होता.

स्वानंदी झोपायला गेल्यावर मी नीताला आणि प्रतापरावांना म्हटलं, "त्या डॉक्टरबाईंना खरं काय ते सांगायला पाहिजे. मी सांगतो."

"बाबा, लेटर आलंय, विषय संपला," प्रतापराव म्हणाले. "आता जाऊन काय सांगणार? आम्ही तुम्हाला फसवलं?"

"फसवलंच आहे, प्रतापराव."

"आणि ते फाइलमध्ये लिहिलं तर? की या आईबापांनी..."

"माझं नाव लिहू द्या की. मी आठवड्याभरात निघून जाणार आहे."

नीताने दुसऱ्या दिवशी केंद्रात फोन केला. एका रुग्णाने वेळ रद्द केली होती म्हणून मला परतीच्या विमानाच्या तीन दिवस आधीची वेळ मिळाली. प्रतापराव मला, नीताला आणि स्वानंदीला गाडीने घेऊन आले, पण स्वतः आत आले नाहीत. बाहेर बाकावर इतर आईबापांमध्ये मोबाइल उघडून बसले.

मला इंग्रजी येतं. पण इंग्रजीत बोललो असतो तर मी ते सजवलं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मराठीत बोललो आणि नीताला म्हटलं, शब्द न् शब्द सांग. फळीचं सांगितलं, शंभर प्रतींचं सांगितलं, तळघर, घड्याळ, बेदाणे, सगळं. नीता जर्मनमध्ये सांगत गेली. मग मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या मुलीने सांगितलं की आम्ही थोडं खेळतो. ते खरं नव्हतं."

नीता भाषांतर करायची थांबली. मी हे बोलेन असं तिला वाटलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही नव्हतं. तिचे कान लाल झाले. डॉक्टरबाई थांबून राहिल्या. मग नीताने खाली बघत तेही वाक्य भाषांतर करून सांगितलं, आणि मला माझ्या मुलीचा फार अभिमान वाटला.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या असाव्यात, केस आखूड कापलेले. त्या रागावल्या नाहीत. घरी थोडाफार सराव पुष्कळ लोक करून घेतात, म्हणाल्या, पण भोकं पाडलेली फळी पहिल्यांदाच ऐकली. तीच चाचणी आता सहा महिने तरी घेता येणार नाही, कारण त्यात फक्त माझी शिकवणी दिसेल. मग त्यांनी खुर्ची स्वानंदीकडे वळवली. "भूक लागलीय?"

त्यांनी कपाटातून एक ब्रोटशेन काढला, तो इथला गोल, वरून कडक पाव. सोबत एक सुरी, लोण्याची डबी आणि चीजची एक चकती. हे सगळं टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "तुझं तू बनव. घाई नाही."

स्वानंदीने माझ्याकडे बघितलं. तळघरात असंच बघायची, सुरू करू का म्हणून. मी काहीच केलं नाही. हात मांडीखाली घालून बसलो, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते.

तिने सुरी उचलली आणि पाव दाबला. पाव निसटून जमिनीवर पडला. तिने तो उचलला, पुन्हा ठेवला, तो पुन्हा निसटला. मला वाटलं आता ही रडणार. पण ती थांबली, आणि स्वतःशीच, पुटपुटत, जर्मनमध्ये म्हणाली, "बेत काय?" मग खुर्चीवर गुडघे टेकून उंच झाली. पाव बशीच्या कडेला अडवून धरला आणि त्यावर कोपर दाबलं. सुरी तिरकी गेली, एक तुकडा पातळ, एक जाड, चुरा सगळीकडे. डबीचं झाकण तिने दातांनी ओढलं. लोणी निम्मं पावावर लागलं, उरलेलं बाहीला. चीजची चकती तीन तुकड्यांत फाटली, ते तिने एकावर एक रचले. किती वेळ गेला मला माहीत नाही, फार वेळ गेला. शेवटी ती पाव हातात घेऊन खाली बसली आणि खाऊ लागली.

मी तिला शिकवलेल्या सहा गोष्टींपैकी एकही त्यात कामाला आली नव्हती. जे कामाला आलं ते ब्रांडलबाईंचं होतं, ज्यांना मी सावकाश म्हटलं होतं.

डॉक्टरबाई बराच वेळ लिहीत होत्या. मग नीताला म्हणाल्या की त्या नवा अहवाल देतील. झालेली चाचणी धरायची नाही. रोजच्या कामांत या मुलीला खरी अडचण येते, ती आज त्यांनी स्वतः पाहिली. थेरपी पुढे चालू ठेवावी, आणि शाळेला त्या वेगळं पत्र लिहितील. नीताने मान डोलावली आणि डोळे पुसले.

स्वानंदी तोंडात घास ठेवून हे सगळं ऐकत होती. तिने मला मराठीत विचारलं, "म्हणजे मी नापास झाले?"

ती काय विचारतेय, असं डॉक्टरबाईंनी नीताला विचारलं. नीताने सांगितल्यावर त्या घाईने म्हणाल्या की इथे पास-नापास असं काही नसतंच. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, पण माझ्या नातीने प्रश्न मला विचारला होता.

"हो बाळा," मी म्हटलं. "नापास."

"नक्की?"

"नक्की."

तिने उरलेला पाव बशीत टाकला. खुर्चीवरून उतरताना पाय अडकून आपटली, उठली, दोन्ही हातांनी दाराचा दांडा खाली ओढला आणि बाहेर बसलेल्या बापाकडे बघून ओरडली, "पापा, मी नापास झाले!" जर्मनमधून ओरडली, त्यामुळे तिथल्या सगळ्या आईबापांना ते कळलं आणि सगळ्यांनी माना वर केल्या. प्रतापराव उभे राहिले. त्यांनी एकदा आजूबाजूच्या लोकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग मोबाइल बाकावर तसाच टाकून ते गुडघ्यांवर बसले आणि हात पसरले. ती धावत गेली.